हरकत असल्यास कळवावे

आमच्या नगरपंचायतीच्या कचेरीत चहाला जाताना खुर्चीच्या पाठीला रुमाल अडकवून जायची पद्धत होती. रुमाल दिसला की समोरच्या माणसाने समजायचं, साहेब इथंच कुठंतरी आहेत. तो रुमाल दुपारपर्यंत तसाच लटकत राहायचा आणि साहेब बाजारात मेथीची जुडी निवडत असायचे. आमच्या भाऊसाहेबांनी मात्र टेबलावर एक पाटी ठेवली होती. शाळेतल्या पोरांची असते तसली, काळी, लाकडी चौकटीची. ते उठले की खडूने त्यावर लिहायचे, ‘चहास गेलो आहे. काम तातडीचे असल्यास टपरीवर यावे. हरकत असल्यास कळवावे.’

मी नोकरीला लागले त्या दिवशी ती पाटी वाचून मला हसू आवरेना. म्हटलं, या माणसाच्या चहाला कोण हरकत घेणार? शेजारच्या टेबलावरून ते म्हणाले, “ताई, घेत नाय कुणी. पण घेता आली पाहिजे.” एवढं बोलून त्यांनी उजवा हात वर केला. मला वाटलं, आता भाषण. तर ते जोरात शिंकले. नंतर कळलं, की शिंक यायची असली की आजूबाजूच्यांनी सावध व्हावं म्हणून ते आधी हात वर करतात. त्यांचा हात वर गेला आणि शिंक आली नाही, असं कधी व्हायचं नाही.

आमचं गाव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेजवळचं. आधी ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. त्यामुळे घरपट्टी वाढली, घंटागाडी आली आणि गावाला एक बाग मिळाली. मी निमगाव सावाहून स्कूटीवर यायचे. भाऊसाहेब मूळचे पिंपरी पेंढारचे, पण घर बांधलं ते इथंच. कचेरीतला प्रत्येक कारकून भाऊसाहेबच असतो. पण गावात नुसतं ‘भाऊसाहेब’ म्हटलं की लोकांना हेच आठवायचे. टवाळ मंडळी त्यांना ‘जाहीरभाऊ’ म्हणायची. जाहीर सूचना काढणं हे त्यांचं काम होतं, आणि ते काम अंगात किती भिनावं याला काही मर्यादाच नव्हती.

सूचना काढायची तर कचेरीच्या फळ्यावर कागद डकवला की झालं, असं आम्हा सगळ्यांचं मत. भाऊसाहेबांना ते पटायचं नाही. ते सकाळी घंटागाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे, कचऱ्याचं गाणं मध्येच बंद करायचे आणि माईक हातात घ्यायचे. बायका बादल्या घेऊन दारात आलेल्याच असायच्या. “माताभगिनींनो, आधी ऐका, मग कचरा टाका,” अशी सुरुवात. मग सूचना. ती दोनदा. शेवटी ठरलेली ओळ. ती ओळ ते इतर सगळ्यापेक्षा सावकाश म्हणायचे, “कुणाची हरकत असल्यास कळवावे.”

एकदा पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या दिवशी पाणी बंद राहणार होतं. भाऊसाहेबांनी आदल्या सकाळी गावभर इतकं नीट समजावून सांगितलं, की लोकांनी हंडे, पातेली, बाळाचं न्हाणं घालायचा टब, असं असेल नसेल ते भरून ठेवलं. टाकी संध्याकाळच्या आतच रिकामी झाली आणि पाणी एक दिवस आधीच बंद पडलं. आमचे मुख्याधिकारी साहेब तेव्हा नवे होते. तरुण, हुशार, दोन फोन बाळगणारे. ते कपाळाला हात लावून म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही सांगितलं नसतं तर निम्म्या गावाला कळलंसुद्धा नसतं.” भाऊसाहेबांना ही आपली तारीफ वाटली. त्यांनी साहेबांचे आभार मानले.

बिबट्याच्या वेळची गोष्ट तर अजून टपरीवर सांगतात. आमच्या भागात उसात बिबट्या असतोच; पण त्या हिवाळ्यात तो ओढ्याच्या बाजूला वरचेवर दिसू लागला. भाऊसाहेबांनी सूचना दिली, ओढ्याजवळ पिंजरा लावण्यात येणार आहे, एकटंदुकटं फिरू नये, हरकत असल्यास कळवावे. कुणीतरी मागून ओरडलं, “भाऊसाहेब, बिबट्यानं हरकत घेतली तर?” सगळी गल्ली हसली. भाऊसाहेबांनी माईक न ठेवताच उत्तर दिलं, “त्याचीबी ऐकली आसती राव. पण त्याचा पत्ता नाय आपल्याकडं.”

घरीही हाच कारभार. वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, मला एकदा सांगत होत्या. मुलगी बघायला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर वहिनींच्या वडिलांनी विचारलं, मुलाला काही विचारायचं आहे का. मुलगा म्हणाला, “विचारायचं नाय, सांगायचंय. मी घोरतो. मोठ्यानं घोरतो. हरकत असल्यास आत्ताच सांगावं.” वहिनींचे वडील बघतच राहिले.

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“काय म्हणणार? मला हसू आलं, मी खाली बघितलं. हरकत घ्यायची ऱ्हाऊन गेली, तिथंच चुकलं बघा,” वहिनी म्हणाल्या. “तवापासून मीठ जास्त झालंय म्हणायचं आसलं तरी आधी घसा खाकरत्यात. पाव्हणं येणार आसलं की सैपाकघराच्या दारावर चिठ्ठी. केस कापायला निघालं तर मला सांगत्यात, मी वेगळा दिसंन, घाबरू नको.”

हे त्या हसत सांगत होत्या, पण बोलताना त्यांच्या ओठाचा डावा कोपरा जरासा मागे राहायचा. दोनएक वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलणं बरंच सुधारलं; पाय मात्र ओढायचा. हातात काठी आली. आमच्या गावचा रस्ता म्हणजे खड्डा, त्याच्या शेजारी खड्डा, आणि दोन्हींवरून उसाचा ट्रॅक्टर. काठी घेतलेल्या माणसाने तिथं पाऊल टाकायची सोय नाही. म्हणून भाऊसाहेब सकाळी कचेरीत येताना वहिनींना बागेच्या दारात सोडायचे आणि दुपारच्या सुट्टीत जाऊन घेऊन यायचे. स्वतः दाराच्या आत कधी जायचे नाहीत. का, तर बाग कचेरीची मालमत्ता आणि कचेरीच्या मालमत्तेत कामाशिवाय शिरणं बरं नाही. वहिनी आत बाकड्यावर बसून चार बायकांशी बोलतात, तेवढाच जिवाला विरंगुळा, असं ते मला सांगायचे. आम्ही दोघंही तसंच समजून होतो.

बाग म्हणजे काय, तर तारेचं कुंपण, गुलमोहराची काही झाडं, मधोमध एक कारंजं. ते उद्घाटनाच्या दिवशी उडालं आणि नंतर कोरडं पडलं. कारंज्याभोवती लोखंडी कठडा आणि कठड्याभोवती फरशीची वाट. गावातली सपाट म्हणावी अशी तेवढीच जागा. एक माळीमामा होते, तेच माळी, तेच राखणदार, पोरं झोक्यावरून पडली तर हळद लावणारेही तेच.

त्या वर्षी वरून येणारा निधी कमी झाला. अंदाजपत्रक लिहिताना साहेबांनी दिवाबत्ती ठेवली, पाणी ठेवलं, कचरा ठेवला आणि बागेपाशी आल्यावर रेघ मारली. साहेबांचंही काही चुकत होतं अशातला भाग नाही. पाण्याची मोटर बंद करून झोका चालू ठेवता येत नाही. ते भाऊसाहेबांना म्हणाले, “परवा कुलूप लावून टाका. ग्रुपवर काही टाकू नका. लोकांना हळूहळू कळेल.”

भाऊसाहेब उभेच राहिले. म्हणाले, “साहेब, आधी सूचना द्यावी लागंल.”

“नियमात तसं काही नाही.”

“नसंल. पण बाग लोकांची हाय. दुसऱ्याच्या दाराला कुलूप लावायचं तर त्याला सांगून तरी लावावं.”

“सूचना दिली की मोर्चा येतो, भाऊसाहेब.”

“येऊ द्या की. मोर्चा येतो तवाच कळतं, लोकांपर्यंत पोचलं म्हणून.”

साहेबांनी एक फोन ठेवून दुसरा उचलला. तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, “मग कुलपाच्या आदेशाचा कागद मी तयार करणार नाय. करणार नाय, याची ही आगाऊ सूचना समजावी.” साहेब हसले. इतक्या गंभीर तोंडाने कुणी धमकी दिली तर माणूस हसणारच. शेवटी ठरलं असं, की सूचना द्यायची आणि आठवडाभर वाट बघायची. हरकत आली तर साहेब सुनावणी घेऊन पुन्हा विचार करतील. एकही आली नाही तर शेवटच्या दिवशी कचेरी सुटताना कुलूप.

ते जागेवर आले तसं मी हळूच विचारलं, “भाऊसाहेब, वहिनी कुठं जातील मग?”

त्यांनी पाटी पुसायला घेतली. पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणाले, “उद्या सकाळी त्याबी ऐकतील.”

“म्हणजे घरी नाही सांगणार?”

“घरच्यांना आधी आन् गावाला मागून, आसं केलं तर ती जाहीर सूचना कसली?”

या माणसाला काय म्हणावं ते मला कळेना. रागही आला. दुसऱ्या दिवशी घंटागाडी त्यांच्याच गल्लीत शिरली तेव्हा वहिनी भाजीची देठं घेऊन दारात उभ्या होत्या. नवरा माईकवरून सांगत होता, निधीअभावी बाग बंद करण्याचं योजलं आहे. वहिनींनी ऐकून घेतलं, दुसऱ्यांदाही ऐकून घेतलं, बादली गाडीवरच्या पोराकडे दिली आणि आत गेल्या. “चेहऱ्यावर काय दिसलं?” मी भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “गाडी चालू व्हती. दिसलं नाय.” आणि दिवसभर पाटीवर न लिहिताच दोनदा चहाला जाऊन आले.

दोन दिवस गेले, तीन गेले. मोर्चा काही येईना. हरकतीचा एक अर्ज येईना. आणि बागेत मात्र गर्दी वाढायला लागली. ज्यांनी उद्घाटनानंतर बागेचं तोंड पाहिलं नव्हतं ते लोक पोराबाळांना घेऊन येऊ लागले. बंद होणार म्हणतात, एकदा बघून तरी घेऊ. बायका कुंड्यांतल्या फांद्या तोडून न्यायला लागल्या, आठवण म्हणून. निमगाव सावाहून माझ्या चुलत्यांचा फोन आला. आमच्या घरात मेंढरं आता फक्त त्यांच्याकडेच उरली आहेत, बाकी सगळ्यांनी शेती धरली. ते म्हणाले, “पोरी, बाग बंद व्हणार म्हणं. मग त्या गवताचं काय करणार हाय? मेंढरं आणू का?”

मी म्हटलं, “आप्पा, त्यापेक्षा एक हरकतीचा अर्ज द्या.”

“भाऊसाहेबांच्या इरोधात? न्हाई बाई. लई भला माणूस. त्यांनी सांगितलंय म्हंजी कायतरी इचार करूनच सांगितलं आसंल.”

हेच सगळीकडे झालं होतं, आणि ते लक्षात यायला आम्हाला रविवार उजाडावा लागला. रविवारी चौकातल्या मंडळाच्या पोरांनी बागेचा निरोप समारंभ ठेवला. दाराशी फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्याकडे निरोपाचा नमुना तयार नव्हता, म्हणून त्याने दुसरा वापरला. बागेचा फोटो, भोवती झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना समया, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली ‘शोकाकुल’ म्हणून मंडळाच्या सगळ्या कार्यकर्त्यांचे हसरे फोटो. आत माळीमामांना खुर्चीवर बसवून शाल आणि नारळ दिला. भाषणं झाली. एकाने तर बाग फार लवकर गेली असं सांगून डोळे पुसले. मग सगळ्यांना भेळ.

मी स्कूटी लावून पाहते तर दाराच्या बाहेर भाऊसाहेब. सुट्टीचा दिवस, तरी इस्त्रीचा पांढरा शर्ट. आत जात नव्हते. फाटकाच्या सळ्या धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत होते. “आवो, निरोप कसला देताय? आजून बंद झाली नाय! हरकत द्या, हरकत! साध्या कागदावर द्या. कागद नसंल तर तोंडी द्या!”

एक म्हातारे गृहस्थ भेळेचा कागद सांभाळत थांबले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “भाऊसाहेब, आजवर तुमची नोटीस कंदी खोटी ठरलीय का? तुमी सांगितलं, तवाच बाग बंद झाली आमच्यासाठी.”

मग ते पुढे निघून गेले. भाऊसाहेब फाटकाजवळच्या दगडावर बसले. मी शेजारी उभी राहिले. मग ते जे बोलले ते त्यांनी याआधी कचेरीत कधी काढलं नव्हतं.

“ताई, माझा आजा पिंपरी पेंढारला दवंडी द्यायचा. हौस म्हणून न्हाई, आमच्या घराला ते काम लावून दिल्यालं. गावानं सांगायचं आन् त्यानं डफ वाजवत वरडायचं. सारा गाव ऐकायचा. पण त्याला कुणी कंदी इचारलं नाय, की बाबा, तुजं काय म्हणणं हाय. धम्म घेतला, त्या साली त्यानं डफ खाली ठेवला. परत हात न्हाई लावला. मी या नोकरीला लागलो तवा म्हातारा जिता व्हता. मला म्हणला, अरे, पुन्यांदा तेच काम? मी त्याला आपल्या कचेरीची नोटीस वाचून दाखवली. शेवटची वळ दोनदा वाचली. म्हणलं, आज्या, तुझ्या दवंडीला ही वळ नव्हती. मी वरडतो, पण पुढच्याला उलटून बोलता येतं. तवा कुठं म्हाताऱ्याचं समाधान झालं.”

आतून टाळ्या ऐकू आल्या. माळीमामांचं भाषण चालू झालं होतं.

“आन् बघा, लोकांनी ती वळ कंदी ऐकलीच न्हाई. इतकी वर्सं मी नुसती दवंडीच दिली,” भाऊसाहेब म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस ज्या ओळीची आम्ही टपरीवर नक्कल करायचो, तिच्यावर या माणसाने आपली सगळी नोकरी उभी केली होती. मी म्हटलं, आप्पांच्या नावाने मीच एक अर्ज लिहून देते, आप्पा अंगठा देतील. ते एकदम उठले. “खोटी हरकत? मग खरी कुलपं काय वाईट?” म्हणाले, आणि वहिनींना घेऊन जायची वेळ झाली म्हणून फाटकातून हाक मारली. वहिनी गर्दीतून काठी टेकत बाहेर आल्या. हातात भेळ होती. दोघं स्कूटरवरून गेली.

शेवटचा दिवस उजाडला. साहेबांनी नवं कुलूप आणवलं होतं आणि ते भाऊसाहेबांच्याच टेबलावर, पाटीच्या शेजारी ठेवलं होतं. हवा तापलेली, पंखा खडखडत होता. घरपट्टी भरणाऱ्यांची रांग लागली होती, तिच्यात आमचे आप्पाही होते; बाजारपेठेत त्यांची एक जुनी खोली आहे, तिची पट्टी भरायला आलेले. दुपार झाली तरी भाऊसाहेब जेवायला उठले नाहीत. दाराकडे कुणी आलं की मान वर करायचे. कुणी दाखला मागायला आलेला असायचा, कुणी गटाराची तक्रार घेऊन. कचेरी सुटायला थोडाच वेळ उरला तेव्हा साहेब केबिनमधून बाहेर आले. आवाज नरम ठेवून म्हणाले, “भाऊसाहेब, तुमच्या मनासारखं सगळं केलं. आता चला.”

भाऊसाहेबांनी कुलूप उचललं. तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली आणि वहिनी उतरल्या.

मला वाटलं, काहीतरी घरचं असेल. भाऊसाहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते धावत दाराकडे निघाले. वहिनींनी हात दाखवून त्यांना थांबवलं. “तुमी बसा जाग्यावर. मी कामाला आलेय. हरकत द्यायचीय.”

भाऊसाहेब उलट पावली खुर्चीकडे गेले आणि बसले. कुलूप बाजूला ठेवलं, कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. घसा खाकरला. “आपलं नाव?”

“ठावं न्हाई व्हय?” वहिनी दारातूनच म्हणाल्या.

“नियमानं विचारावं लागतं.”

वहिनींनी स्वतःचं नाव सांगितलं आणि थांबल्या. मधलं नाव नवऱ्याचं. ते त्यांनी आयुष्यात घेतलं असेल ते हळदीकुंकवाला नाहीतर बारशाला, उखाण्यात. रांगेतल्या बायका कान टवकारून बघायला लागल्या. वहिनींनी नाव घेतलं. सरळ, यमकाबिमकाशिवाय, नळाची तक्रार सांगावी तसं. भाऊसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं.

“हरकतीचं कारण?”

वहिनींनी हातातली काठी दाराच्या चौकटीला टेकवून उभी केली. पदर खोचला. आणि दारापासून टेबलाकडे चालायला लागल्या.

पाय जरा ओढत होता. पाऊल टाकायच्या आधी त्या क्षणभर थांबायच्या, मग टाकायच्या. रांगेतले लोक आपोआप बाजूला झाले. कुणीतरी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. भाऊसाहेब अर्धवट उठलेले, तसेच राहिले. वहिनी टेबलापर्यंत आल्या, काठावर तळवा टेकला आणि श्वास घेतला.

“बागेत शिकले,” त्या म्हणाल्या. “आधी त्या कारंज्याचा कठडा धरून. मग कठडा सोडून. माळीमामा मागून चालायचं, पडले तर आसावं म्हणून. दुसरी जागा न्हाई मला या गावात. रस्त्यावं चालले तर टॅक्टरखाली जाईन. आजून मला तिथनं घरापत्तुर यायचंय चालत. ही हरकत. लिहा.”

भाऊसाहेब लिहीत नव्हते. ते विचारत होते, आणि आवाजात कचेरी राहिली नव्हती, “मला सांगितलं न्हाईस?”

“तुमी लगीच बोर्ड लावला आसता.”

कचेरीत हशा पिकला. साहेबसुद्धा हसले. वहिनी हसल्या नाहीत. “आन् मग मी पडले आसते तर? सांगितल्यावर सारा गाव बघत बसतो वो. मला आधी गपचूप जमवायचं व्हतं.” मग म्हणाल्या, “तुमी मला आजवर लई नोटिसा दिल्या. मी कंदी हरकत घेतली नाय. ही पहिली हाय. ऐकणार का न्हाई?”

साहेबांनी टेबलावरचं कुलूप हातात घेतलं आणि म्हणाले, “सुनावणी घ्यावी लागेल.” पण त्यांची सुनावणी तिथंच सुरू झाली होती. घरपट्टीच्या रांगेतून आप्पा पुढे आले. “भाऊसाहेब, हरकत म्हंजी आसं व्हय? आमाला वाटलं, तुमच्याशी भांडाण करायचं. माझीबी लिहा मग.” त्यांच्या मागून एक बाई, मग दुसरी. एकाने विचारलं, झोक्यासाठी हरकत घेता येते का. भाऊसाहेब एकेकाला नाव, राहणार, कारण विचारत लिहीत होते. त्या दिवशी कचेरी उशिरा सुटली.

बाग चालू राहिली. फार थाटात नाही. दिवे गेले, मोटर सकाळपुरती उरली, आणि गवत कापायचं काम आमच्या आप्पांच्या मेंढरांकडे आलं. ती सोमवारी येतात आणि फुलझाडांनाही तोंड मारून जातात. माळीमामांनी निरोपाची शाल परत द्यायला काढली होती, मंडळाने घेतली नाही. फ्लेक्स उलटा करून कारंज्यावर घातला आहे, पाचोळा पडू नये म्हणून.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीचं. मी सकाळी कचेरीत आले तेव्हा भाऊसाहेब जागेवरच होते, तरी पाटीवर लिहिलेलं होतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी ती त्यांनी टेबलाच्या कडेला उभी केली होती. ‘सर्वांस कळविण्यात येते की, आमच्या मंडळी काठीशिवाय चालू लागल्या आहेत.’

वहिनींना विचारून लिहिलंय का, असं मी विचारणार होते. पण आधी डोळे सवयीने खाली गेले आणि अडखळले.

“भाऊसाहेब, शेवटची ओळ राहिली.”

“राहिली न्हाई, ताई,” ते म्हणाले. “ह्याच्यावर मी कुणाची हरकत ऐकणार नाय.”

एवढं बोलून त्यांनी उजवा हात वर केला. मी मागे सरले. त्यांनी रुमाल काढला, तोंडावर धरला आणि खिडकीकडे वळून बसले. मी थांबले. पुष्कळ वेळ थांबले. शिंक काही आली नाही.

भाऊसाहेबांची खोटी ठरलेली सूचना मी पाहिली ती ही एवढी एकच.